थंडरबर्डमधली अकाउंटं मधेच गायब होतात आणि मधेच परत येतात

पॅटर्नशॉप_उद्यमनगर

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवायचं वर्कशॉप आहे. सासरे आणि मिस्टर शॉपवर बघतात. ऑफिस, बिलं आणि मेल माझ्याकडे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी, सगळीकडचे फाउंड्रीवाले, म्हणजे ओतकामाचे कारखानदार, ड्रॉइंग मेलनेच पाठवतात. कोटेशनची विचारणा, पीडीएफ, स्टेप फाइल (थ्रीडी ड्रॉइंगची), पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर, सगळं तिथेच येतं. त्यामुळे मेल बंद म्हणजे आमचं काम बंद.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बऱ्याच वर्षांपासून थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम आहे. त्यात दोन अकाउंटं. एक आमच्या स्वतःच्या डोमेनचं, पॉप पद्धतीचं. होस्टिंगवाल्याने जागा कमी दिलीय, म्हणून मेल उतरला की सर्व्हरवरून निघून जातो. दुसरं जीमेलचं, आयमॅप, म्हणजे मेल सर्व्हरवरही राहतो. फाउंड्रीप्रमाणे वेगळे फोल्डर केलेत, कुणाचा मेल कुठे जावा याचे फिल्टर लावलेत, खाली फर्मचं नाव-पत्ता असलेली सिग्नेचर आहे.

विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. त्यानंतर एका माणसाकडून मशीन विंडोज ११ वर नेऊन घेतलं. त्यानेच थंडरबर्डही नवीन टाकून दिलं. तेव्हापासून हा प्रकार सुरू झालाय. कधी उघडलं की थेट अकाउंट सेटअपचं पान येतं, जणू आजच प्रोग्रॅम टाकलाय. पहिल्यांदा असं झालं तेव्हा पीओची वाट बघत होतो, म्हणून डोमेनचं अकाउंट पुन्हा भरलं आणि काम पुढे नेलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर दोन्ही अकाउंटं जागेवर, फोल्डर जागेवर. मग पुन्हा कधीतरी एकच अकाउंट दिसतं, जीमेल नाही, सिग्नेचर नाही, फिल्टर नाहीत. पासवर्ड विचारतो तोही कधी, कधी नाही. जास्त करून लाईट जाऊन आल्यावर हे होतं असं माझ्या लक्षात आलंय. यूपीएसची बॅटरी दमलेली आहे.

नुसता त्रास असता तर चालवून घेतलं असतं. पण परवा एका व्हॉल्व्ह बॉडीच्या ड्रॉइंगची रिव्हिजन सी, म्हणजे बीनंतरची सुधारित आवृत्ती, आलेली मला दिसलीच नाही. शॉपवर रिव्हिजन बीवर कोअर बॉक्सचं (कास्टिंगच्या आतल्या पोकळीच्या साच्याचं) लाकूड मार्किंग करून ठेवलेलं होतं. फाउंड्रीतून सहज फोन आला म्हणून कळलं. तो मेल संध्याकाळी सापडला, पण कुठे, तर ज्या वेळी एकच अकाउंट दिसतं त्या वेळच्या इनबॉक्समध्ये. ही गोष्ट मला फार लागलीय. सेटिंग टिकत का नाही आणि आधी काय बघू, कुणी नीट सांगेल का?


बिंदूचौक_७

सरळ अनइन्स्टॉल करा, ॲपडेटामधला थंडरबर्डचा फोल्डर उडवा आणि नव्याने टाका. माझ्याकडे असंच केलं, चालू झालं.


शाहूपुरी_संगणक

ताई, वरचा सल्ला कृपा करून आत्ता अमलात आणू नका. बिंदूचौक भाऊ, तुमचं अकाउंट आयमॅप असेल, म्हणजे मेल सर्व्हरवर राहतो, फोल्डर उडवला तरी परत उतरतो. यांचं पॉप आहे आणि सर्व्हरवर प्रत राहत नाही. त्या फोल्डरमध्येच त्यांचा इतक्या वर्षांचा मेल पडलाय. तो उडवला तर जगात दुसरीकडे कुठेही प्रत नाही.

मी शाहूपुरीत टॅक्सवाल्यांचे आणि मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो, थंडरबर्ड रोजच्या बघण्यातलं आहे. तुम्ही लिहिलंय त्यातली एकच गोष्ट माझ्यासाठी महत्त्वाची आहे: अकाउंटं परत येतात. सेटिंगची फाइल खराब झाली असती तर ती आपोआप बरी होऊन फोल्डर-फिल्टरसकट परत आली नसती. तुमची सेटिंग कुठेही गेलेली नाहीत. मला खात्री वाटते की तुमच्याकडे दोन प्रोफाइल तयार झालेत आणि कधी एक उघडतंय, कधी दुसरं. एकाच पेढीच्या दोन खतावण्या असाव्यात, सकाळची नोंद एकीत आणि दुपारची दुसरीत, तसं चाललंय. रिव्हिजन सीचा मेल दुसऱ्या खतावणीत उतरला.

हे होतं कसं ते सांगतो, म्हणजे पुढचं काम करताना भीती वाटणार नाही. थंडरबर्ड प्रोग्रॅम एका जागी राहतो आणि तुमचा माल, म्हणजे मेल, अकाउंटं, पासवर्ड, फिल्टर, दुसऱ्या जागी. त्या दुसऱ्या जागेला प्रोफाइल म्हणतात. २०१९ मध्ये ६८ नंबरची आवृत्ती आली, तेव्हापासून थंडरबर्ड प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतंत्र प्रोफाइल देतं. मशीनवर जुनं ३२ बिटचं थंडरबर्ड असेल तर ते सी ड्राइव्हवर 'प्रोग्रॅम फाइल्स एक्स८६' मध्ये बसलेलं असतं. त्यावर कुणी ६४ बिटचं टाकलं की ते नुसत्या 'प्रोग्रॅम फाइल्स' मध्ये बसतं. जागा वेगळी, म्हणजे थंडरबर्डच्या हिशोबाने इन्स्टॉलेशन वेगळं, म्हणून प्रोफाइलही नवं कोरं. जुनं काढून न टाकता नवीन टाकलं की हमखास हे घडतं. विंडोज ११ करताना तुमच्याकडे तेच झालं असावं.

आता बघायचं कसं. खालच्या पट्टीवर थंडरबर्डचं चिन्ह असेल आणि डेस्कटॉपवरही असेल. डेस्कटॉपवरच्या चिन्हावर उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा, 'टार्गेट' पुढचा पत्ता वाचा. पट्टीवरच्यासाठी चिन्हावर उजवं बटण, मग वर जे 'मोझिला थंडरबर्ड' असं नाव येईल त्याच्यावर पुन्हा उजवं बटण, मग 'प्रॉपर्टीज'. एका पत्त्यात एक्स८६ असेल आणि दुसऱ्यात नसेल तर निदान पक्कं.

त्यानंतर दोन्ही वेळा थंडरबर्ड उघडून 'हेल्प' मधलं 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' बघा. तिथे 'प्रोफाइल फोल्डर' अशी ओळ आहे, तिच्यापुढे फोल्डर उघडायचं बटण. फोल्डरच्या नावात सुरुवातीला आठ अक्षरांचा काहीतरी अगम्य गुच्छ असतो. दोन्ही वेळचे गुच्छ कागदावर लिहून घ्या. वेगळे निघाले की झालं.

हे बघून इथे सांगा. तोपर्यंत काहीही उडवू नका, अकाउंट पुन्हा भरू नका, आणि शक्य असेल तर ज्यात सगळे फोल्डर दिसतात तेच एक उघडा.


इचलकरंजी_साइझिंग

आमच्याकडे साइझिंगच्या (सुताला खळ लावायच्या कारखान्याच्या) ऑफिसात असंच झालेलं, पण कारण वेगळं निघालं. विंडोज तात्पुरत्या प्रोफाइलने लॉगिन करत होतं. उजव्या कोपऱ्यात तसा मेसेज येऊन जातो, कुणी वाचत नाही. ओळखायची खूण म्हणजे थंडरबर्डबरोबर डेस्कटॉपवरच्या फाइलीही गायब असतात, वॉलपेपर बदललेला असतो, आणि त्या सत्रात केलेलं सगळं लॉगआउट केलं की जातं. ताई, तुमच्या डेस्कटॉपवरच्या फाइली जागेवर असतात का?


पॅटर्नशॉप_उद्यमनगर

इचलकरंजी दादा, डेस्कटॉप जसाच्या तसा असतो, फाइली सगळ्या जागेवर.

शाहूपुरी दादा, तुम्ही सांगितलं तेच निघालं. पट्टीवरच्या चिन्हाच्या पत्त्यात एक्स८६ आहे, डेस्कटॉपवरच्या नाही. प्रोफाइलचे गुच्छही वेगळे. लाईट जाण्याचा संबंधही आता कळला. सकाळी मिस्टर मशीन चालू करतात आणि पट्टीवरून थंडरबर्ड उघडून ठेवतात, ते दिवसभर उघडंच असतं. मधे लाईट गेली की नंतर मशीन मी चालू करते, आणि मी डेस्कटॉपवरून उघडते. शिवाय बिलाच्या पीडीएफवर उजवं बटण दाबून मेल पाठवायला गेलं की जे थंडरबर्ड उघडतं तेही डेस्कटॉपवालंच आहे, आत्ता करून बघितलं.

एक आठवलं. मधे एकदा इंग्रजीत अशी खिडकी आली होती की तुम्ही थंडरबर्डची जुनी आवृत्ती उघडलीय, आणि खाली नवीन प्रोफाइल तयार करायचं बटण होतं. तेव्हा ती बंद केली होती.

आता दोन्हीकडे मेल विखुरलाय. जुन्यात सगळे फोल्डर आणि जीमेल, नव्यात मशीन बदलल्यापासूनचे डोमेनवरचे बरेचसे मेल. हे एकत्र कसं आणू? ड्रॉइंगच्या बाबतीत एकही मेल हरवलेला मला चालणार नाही. दोन-दोन वर्षांनी जुन्या पॅटर्नची दुरुस्ती येते आणि फाउंड्रीवाले विचारतात की कुठल्या रिव्हिजनवर केला होता. तेव्हा तो मेलच आमचा पुरावा असतो.


कळंबा_इंजिनिअरिंग

सगळं जीमेलवर घ्या आणि ब्राउझरमधून बघा, ही कटकटच संपेल.


पॅटर्नशॉप_उद्यमनगर

दादा, विचार केला होता. पण डोमेनचा पत्ता सगळ्या फाउंड्रींच्या व्हेंडर यादीत गेलाय. आणि नेट बंद असलं तरी जुनं ड्रॉइंग उघडता आलं पाहिजे. शॉपवर कारागीर थांबलेला असतो, त्याला नेट येऊ दे म्हणून सांगता येत नाही.


शाहूपुरी_संगणक

ताई, ती खिडकी बंद केलीत ते उत्तम झालं, नाहीतर तिसरं प्रोफाइल तयार झालं असतं. तुमच्या कामाला मशीनवरचा मेलच योग्य आहे, तो तसाच ठेवा.

आता सावकाश करू. दुपारी जेवणाच्या सुट्टीत घ्या, घाईत घेऊ नका. आणि यूपीएसची बॅटरी आधी बदला. थंडरबर्ड फाइल लिहीत असताना लाईट गेली तर खरंच नुकसान होतं, ते आपण या कामात ओढवून घ्यायला नको.

सगळ्यात आधी प्रत. दोन्ही थंडरबर्ड बंद करा. विंडोजचं बटण धरून आर दाबा, उघडलेल्या चौकटीत टक्क्याचं चिन्ह, इंग्रजीत ॲपडेटा, पुन्हा टक्क्याचं चिन्ह, एंटर. ज्या फोल्डरात पोहोचाल त्यात 'थंडरबर्ड' नावाचा फोल्डर आहे. तो अख्खा, जसाच्या तसा, बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. दोन्ही प्रोफाइल त्याच्या आतच आहेत, त्यामुळे एकाच कॉपीत दोन्ही येतात. कॉपी झाल्यावर मूळ आणि प्रत दोन्हींची साइझ जुळवून बघा. ही डिस्क मग कॉम्प्युटरपासून लांब, वरच्या मजल्यावर किंवा घरी ठेवा. हे मी प्रत्येकाला सांगतो, कारण २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा माझ्या गिऱ्हाइकांचे बॅकअप टेबलाखालच्या खणात होते आणि कॉम्प्युटर टेबलावर. दोन्ही एकाच पाण्यात गेले. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा डिस्का माळ्यावर होत्या.

प्रत हातात आली की मेल एकत्र करायचा. जुनं प्रोफाइल ठेवायचं, कारण त्यात फोल्डर, फिल्टर, जीमेल सगळं आहे. नव्यातला मेल उचलून त्यात आणायचा. नव्या प्रोफाइलच्या फोल्डरात 'मेल' नावाचा फोल्डर, त्यात तुमच्या मेल सर्व्हरच्या नावाचा फोल्डर, त्यात 'इनबॉक्स' नावाची फाइल दिसेल. या फाइलीला पुढे काही टिंब-बिंब नसतं, नुसतं इनबॉक्स, आणि तिची साइझ मोठी असते. शेजारी त्याच नावाची टिंब एमएसएफ अशी दुसरी छोटी फाइल असते, ती नुसती अनुक्रमणिका आहे, ती घेऊ नका. टिंब नसलेली फाइल कॉपी करा आणि जुन्या प्रोफाइलच्या 'मेल' फोल्डरातल्या 'लोकल फोल्डर्स' मध्ये टाका. टाकण्याआधी नाव बदला, म्हणजे समजा 'नव्यातलं इनबॉक्स' असं इंग्रजी अक्षरात. नाव बदलणं फार गरजेचं आहे, तिथे त्याच नावाची फाइल असेल तर तिच्यावर लिहिली जाईल. पाठवलेल्या मेलची 'सेंट' नावाची फाइल असते, तिचंही असंच करा, नाव वेगळं देऊन. हे सगळं दोन्ही थंडरबर्ड बंद असताना.

मग पट्टीवरून जुनं उघडा. डाव्या बाजूला 'लोकल फोल्डर्स' खाली दोन नवे फोल्डर दिसतील, थंडरबर्ड त्यांची अनुक्रमणिका स्वतः तयार करतं. त्यातले मेल फाउंड्रीप्रमाणे तुमच्या फोल्डरात हलवा. हे हातानेच करा. रिव्हिजनचा प्रश्न आहे, प्रत्येक मेल तुमच्या नजरेखालून गेलेला बरा.

यापुढचं काम म्हणजे एकच थंडरबर्ड ठेवणं. जुना प्रोग्रॅम काढायचा, पण जुनं प्रोफाइल ठेवायचं. यात गोंधळ होतो म्हणून नीट वाचा. डेस्कटॉपवरून नवं थंडरबर्ड उघडा, पुन्हा 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन', तिथे 'प्रोफाइल्स' पुढे एक दुवा आहे. त्यावर दोन्ही प्रोफाइलची यादी येते. कागदावर लिहिलेला जुन्याचा गुच्छ शोधा आणि त्याच्याखालचं 'सेट ॲज डिफॉल्ट प्रोफाइल' दाबा. त्या पानावर 'रिमूव्ह' बटणही आहे, त्याला हात लावू नका. थंडरबर्ड बंद करून डेस्कटॉपवरून पुन्हा उघडा. सगळे फोल्डर, दोन्ही अकाउंटं दिसली पाहिजेत. नव्या प्रोग्रॅमला जुन्याचं प्रोफाइल चालतं. उलटं चालत नाही, तेव्हाच ती तुम्ही पाहिलेली खिडकी येते. म्हणून एकदा नव्याने हे प्रोफाइल उघडलं की पट्टीवरच्या जुन्या चिन्हाला पुन्हा हात लावायचा नाही, ते लगेच पट्टीवरून काढून टाका.


पॅटर्नशॉप_उद्यमनगर

दादा, बॅटरी बदलून घेतली आणि आज दुपारी बसून सगळं केलं. प्रत काढली, साइझ जुळली. मेल एकत्र आले. रिव्हिजन सीसारखीच आणखी एक विचारणा नव्या इनबॉक्सात पडून होती, तिचं कोटेशन लगेच पाठवलं. डेस्कटॉपवरून उघडलं तर दोन्ही अकाउंटं, सिग्नेचर, सगळं आहे. मिस्टरांसाठी पट्टीवरही नवंच चिन्ह बसवलं. मनावरचं फार मोठं ओझं उतरलं, खरंच आभार.

दोन शंका राहिल्यात. जीमेलने एकदा पासवर्ड विचारला आणि नेहमीचा टाकला तर घेतला नाही. आणि जुना प्रोग्रॅम काढताना मेल जाणार नाही ना?


शाहूपुरी_संगणक

ताई, वाचून बरं वाटलं.

जीमेलचं असं आहे की मे २०२२ च्या शेवटापासून गूगलने साध्या अकाउंटांना नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅममधून लॉगिन बंद केलंय. तुमच्या जुन्या प्रोफाइलमध्ये कदाचित जुनीच पद्धत लावलेली असेल. 'अकाउंट सेटिंग्ज' मध्ये जीमेलच्या खाली 'सर्व्हर सेटिंग्ज' उघडा, 'ऑथेंटिकेशन मेथड' मध्ये 'ओऑथ२' निवडा. पाठवायच्या सर्व्हरलाही, म्हणजे एसएमटीपीला, वेगळं तेच लावायचं, ते बहुतेक लोक विसरतात. मग गूगलचं लॉगिनचं पान उघडेल, एकदा परवानगी दिली की झालं. ते पान उघडून कोरंच राहिलं तर थंडरबर्डच्या 'प्रायव्हसी' सेटिंगमध्ये कुकीज चालू आहेत का बघा, त्या बंद असल्या की हे लॉगिन पुढे जात नाही. आणि मशीनवर कुणी साफसफाईचा प्रोग्रॅम टाकून ठेवला असेल तर त्याच्या यादीत थंडरबर्डपुढे 'सेव्ह केलेले पासवर्ड' वर खूण आहे का तेही बघा. असेल तर काढा, नाहीतर दर वेळी पासवर्ड पुसले जातील.

जुना प्रोग्रॅम विंडोजच्या 'सेटिंग्ज' मधल्या 'ॲप्स' मधून काढा. यादीत दोन थंडरबर्ड दिसतील, ज्याच्या नावात एक्स८६ आहे ते. अनइन्स्टॉलने प्रोग्रॅम जातो, ॲपडेटामधलं प्रोफाइल तसंच राहतं. नव्या प्रोफाइलचा फोल्डरही इतक्यात काढू नका, चार-सहा महिने राहू दे.

आणखी एक, डोमेनच्या अकाउंटच्या 'सर्व्हर सेटिंग्ज' मध्ये 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' चालू करा आणि त्याखाली दिवसांची मर्यादा टाका, तुमच्या जागेत आठवडाभराचे मेल मावतील का बघून. मशीनला काही झालं तर निदान चालू कामाचे मेल होस्टिंगवर मिळतील.


पॅटर्नशॉप_उद्यमनगर

ओऑथ लावलं, एसएमटीपीलाही, जीमेल सुरू झालं. साफसफाईचा प्रोग्रॅम होता, ती खूणही काढली. सर्व्हरवर सात दिवस ठेवलेत. मोठ्या स्टेप फाइली आल्या की जागा भरते, तेव्हा फाउंड्रीवाल्यांना त्या ड्राइव्हच्या लिंकने पाठवायला सांगणार आहे.


इचलकरंजी_साइझिंग

शाहूपुरी दादा, ते नाव बदलून इनबॉक्स टाकायचं आयमॅपच्या अकाउंटला पण चालतं का? आमच्या एका पार्टीचं अकाउंट होस्टिंगवाल्याने बंद केलंय, जुने मेल मशीनवर आहेत.


शाहूपुरी_संगणक

चालतं. फक्त आयमॅपचे मेल 'मेल' मध्ये नसतात, 'आयमॅपमेल' नावाच्या फोल्डरात असतात. आणि मशीनवर पूर्ण मेल उतरवलेले असले तरच मिळतील, नुसते मथळे उतरले असतील तर फाइल छोटी दिसेल. आधी साइझ बघा. आणि प्रत काढेपर्यंत ते थंडरबर्ड नेटला जोडून उघडू नका.